आधी पोच

शब्द ही मानवजातीला जडलेली सर्वांत जुनी उधळपट्टी असून संस्कृतीचा सारा प्रवास म्हणजे तिच्यापासून सुटका करून घेण्याचा प्रवास होय, या वाक्याने चारुदत्त आजच्या बैठकीत सुरुवात करणार होता. वाक्य त्याने स्वतः रचलं होतं, बरेच दिवस तोंडात घोळवलं होतं, आंघोळ करताना एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं. अडचण एवढीच आली की ते पडद्यावर मावेना. अक्षर लहान केलं तर शेवटच्या खुर्चीवरून दिसेना, मोठं केलं तर 'सुटका करून' इथपर्यंत येई आणि पुढचा प्रवास पडद्याखाली पडे. हाताखालच्या अनिमेषने दोनदा ओढून ताणून पाहिलं आणि मग तो म्हणाला, "सर, इतना कौन पढ़ेगा? मैं सीधा 'कम बोलो' लिख देता हूँ." अनिमेषला मराठी कळायची, घरी आजीशी तो ती बोलायचाही म्हणे, पण ऑफिसात उत्तर हिंदीतच. चारुदत्त 'हं' म्हणाला. अनिमेषने 'कम बोलो' लिहिलं, शेजारी तोंडावर बोट ठेवलेल्या बाईचं चित्र टाकलं, आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात असतं तसलं ते चित्र बघत चारुदत्त बसला असतानाच त्याचा फोन टेबलावर एकदा थरथरला. विनोदिनीचा संदेश होता. 'मग त्यांना हो कळवते. तुम्ही हो म्हणाल असं वाटलं नव्हतं. खूप बरं वाटलं.'

बायकोकडून तीन वाक्यं एकदम यावीत ही गोष्टच मुळात चमत्कारिक होती. तिचे संदेश एका शब्दाचे असत, 'दूध', 'गॅस', 'पोचलात?', आणि त्याला तो उत्तरादाखल अंगठा पाठवी. अंगठा हा त्याला फार व्यवस्थित शोध वाटायचा. आता त्याने ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. त्यांना म्हणजे कुणाला? हो म्हणजे कशाला? तो कधी हो म्हणाला? खिडकीबाहेर तेलीबांध्याचा तलाव ऊन खात पडला होता, काठाच्या रस्त्यावर नया रायपूरकडे जाणाऱ्या गाड्या एकीमागे एक सरकत होत्या, आणि चारुदत्त डोळे बारीक करून आज सकाळकडे बघू लागला. सकाळी चहा होता. चहाच्या वेळी विनोदिनी सहसा ओट्यापाशी उभी असते, आज ती समोरच्या खुर्चीवर बसली होती, हे त्याला पक्कं आठवलं. ती बोलत होती. बराच वेळ बोलत होती, कारण त्याच्या चहावर साय धरली होती आणि ती त्याने चमच्याने बाजूला केली होती. तिच्या हातात ओला टॉवेल होता आणि बोलता बोलता ती त्याच्या घड्या घालत होती, मोडत होती. आवाज नेहमीपेक्षा खालचा. हे सगळं त्याच्याकडे होतं, टॉवेल, साय, आवाजाची पट्टी. शब्द तेवढे नव्हते. शेवटी तिने विचारलं होतं, "काय म्हणता मग?" तो 'हं' म्हणाला होता. "नक्की ना?" हं. "मंग नंतर नाही म्हणू नका बरं." त्यावरही हं. त्या वेळी तो मनाने केशकालच्या घाटात होता, एका ट्रकपाशी.

त्याच्या ट्रकांचं थोडक्यात असं होतं. रायपूरच्या भनपुरीत ट्रकमालक सेठ लोकांची रांग आहे, त्यांचे ट्रक सिमेंट, लोखंड, तांदूळ घेऊन खाली बस्तरकडे जातात. प्रत्येक ट्रकमध्ये चारुदत्तच्या कंपनीची एक काळी डबी बसवलेली. डबी दर थोड्या वेळाने रायपूरच्या यंत्राला कळवणार, मी अमुक ट्रक, अमुक ड्रायव्हर, अमुक माल, इथे आहे, डिझेल इतकं. यंत्राने ऐकायचं आणि सेठच्या फोनवर दाखवायचं. यंत्रं आपसात बोलतात तेव्हा त्यांची रीत लग्नातल्या मानपानासारखी असते हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चारुदत्तला किळस आली होती. ड्रायव्हरचं नाव आता सुरू होत आहे, हरिदास, ड्रायव्हरचं नाव आता संपलं आहे. मालाचं नाव आता सुरू होत आहे, सिमेंट, मालाचं नाव आता संपलं आहे. नुसतं हरिदास सिमेंट सांगायला हा एवढा बँडबाजा, तोही प्रत्येक वेळी, आणि घाटात सिग्नल म्हणजे सुईच्या नेढ्याएवढा. वरात नेढ्यातून जायची कशी? ट्रक घाट चढून कोंडागावला टेकला तरी मागची वरात घाटातच असे. चारुदत्तने वरात मोडली. त्याची युक्ती सोपी होती: शब्द एकदाच पाठवायचा. डबी पहिल्यांदा म्हणेल 'हरिदास', आणि डबीने आणि यंत्राने दोघांनी आपापल्या यादीत त्याला पुढचा मोकळा आकडा द्यायचा. त्यानंतर हरिदास कधीच बोलायचा नाही, फक्त आकडा जाईल. जसजसा सहवास वाढेल तसतसं बोलणं आटत जाईल. दोन्हीकडच्या याद्या सारख्या, क्रम सारखा, मग बोलायला उरतंच काय? एका पानाचा निरोप बोटाच्या पेराएवढा झाला. तीन वर्षं त्याने हे घडवलं, एकेक अक्षर खरवडून काढलं, आणि सर्वांत शेवटी जी गोष्ट केली तिचा त्याला मनातून सर्वाधिक अभिमान होता. निरोप मिळाल्याची पोच यंत्राने तो उघडण्याआधीच पाठवायची. वाचायला वेळ लागतो, तेवढा वेळ ओळ अडकून राहते, पलीकडची डबी ताटकळते. म्हणून आधी पोच, मग वाचन. पोच मिळाली की डबी आपल्याकडची प्रत पुसून मोकळी. आणि 'पुन्हा सांग' हा निरोप तर त्याने भाषेतून काढूनच टाकला. एकदा पुन्हा सांग म्हणायची सोय ठेवली की कुणीच पहिल्यांदा नीट ऐकत नाही, असं त्याने तेव्हा सगळ्यांना बजावलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, कारण जेवणाची सुट्टी व्हायची होती.

मागच्या आठवड्यात मात्र यंत्राने एका निरोपाची पोच दिली, आणि तो वाचायच्या आत वीज गेली. क्षणभरच गेली. यंत्र पुन्हा उठून बसलं, कपडे झटकले, कामाला लागलं. पण त्या न वाचलेल्या निरोपात एक नवा शब्द होता, कुठल्या तरी टोलनाक्याचं नाव. डबीच्या यादीत तो चढला होता, यंत्राच्या यादीत नव्हता. तेव्हापासून यंत्राची यादी एका जागेने सरकली, आणि सर्वांत वाईट म्हणजे यंत्राला त्याचा पत्ताच नव्हता. ते अडखळलं नाही, थांबलं नाही, लाल दिवा लावला नाही. येईल तो आकडा आपल्या यादीत बघून आत्मविश्वासाने सांगत राहिलं. सेठच्या फोनवर तीन दिवस दिसत होतं की त्यांच्या गाडीवर सिमेंट नावाचा ड्रायव्हर असून तो एकवीस टन हरिदास घेऊन जगदलपूरला निघाला आहे. सेठने फोन केला तेव्हा तो चिडलेलासुद्धा नव्हता. "भैया," तो म्हणाला, "एवढा हरिदास मी मागवला नव्हता." सगळा मजला हसला. चारुदत्तही हसला, आणि घरी गेल्यावर जेवताना त्याचा घास तोंडातच फिरत राहिला. दोघं बोलत आहेत, दोघांना वाटतं आहे की समोरच्याला कळतं आहे, पोचा चोख मिळत आहेत, आणि मध्ये कधीतरी एक शब्द गळला आहे. त्या दिवसापासून तो सारखा घाटातच होता. सकाळी चहाच्या वेळीही.

आता तो पुन्हा विनोदिनीच्या वाक्यांपाशी आला. 'तुम्ही हो म्हणाल असं वाटलं नव्हतं.' म्हणजे तिने आधीच नकार धरून ठेवला होता. नकार धरून ठेवूनही खुर्चीवर बसून इतकं बोलली. नाही म्हणण्यासारखं काय असेल? काही विकायचं? कुणाला घरी आणायचं? तिची पद्मजाताई यवतमाळला एकटी असते, तिचे गुडघे. पण बहिणीला आणायला तिला त्याची परवानगी कधीच लागली नव्हती. 'खूप बरं वाटलं' यापाशी तो सर्वांत जास्त वेळ थांबला. 'बरं वाटलं' हे तिच्याकडून शेवटचं केव्हा आलं होतं? आलं असेल तरी ते तापाबद्दल असेल. लग्नानंतर ती अमरावतीहून आली तेव्हा शब्दांची पोतीच घेऊन आली होती. बाजारातून आली की कोथिंबीरवालीचं सगळं खानदान ऐकवायची. "आता ते तिची जाऊ, ते गुढियारीतच राहते, तिले पोट्टा झाला, तर हे काय म्हणे माहीत आहे का?" आणि तो, येऊ नको म्हटलेल्या पोरासारखा, काय म्हणे, काय म्हणे करत मागे फिरायचा. मग हळूहळू याद्या भरत गेल्या. 'ते' म्हणजे सिलिंडर झालं. 'तिकडे' म्हणजे यवतमाळ. 'त्याचं काय झालं' म्हणजे प्लॉटचं. लग्नकार्यात गर्दीच्या पलीकडून तिने नुसता पदर सावरला की निघायची वेळ झाली हे त्याला कळायचं, आणि लोक म्हणायचे, काय जोडा आहे, बोलावंही लागत नाही. त्याला त्याचा गर्व होता. दोन माणसांनी इतकं एकमेकांत मुरावं की आकड्यावर काम भागावं, याहून जवळीक ती कोणती? त्या गर्वातूनच तर ही डबी सुचली होती, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पण मध्ये वीज कधी गेली? लेक पूर्णिमा शिकायला बेंगलोरला गेली तेव्हा? त्याची बढती हुकली ते वर्ष? की असा काही दिवसच नाही, नुसताच एक निरोप, ज्याला हं म्हटलं आणि उघडला नाही, आणि त्यानंतर ती जे जे म्हणाली ते तो एका जागेने सरकून ऐकत आला? तिने 'राहू द्या' म्हटलं की तो राहू देत असे. तिने 'तुमची मर्जी' म्हटलं की तो मर्जी करत असे. सगळं व्यवस्थित लागत होतं. ट्रकही जगदलपूरला वेळेवर पोचलाच होता की.

विचारून टाकावं, हा साधा उपाय त्याच्याही ध्यानात आला. फोन उचलायचा, म्हणायचं, विनू, सकाळचं पुन्हा सांग. पण पुन्हा सांग म्हटलं की 'खूप बरं वाटलं' हे जागच्या जागी मरणार होतं. तिला जे बरं वाटलं ते त्या होकाराने, आणि होकार देणारा माणूस तर खुर्चीवर नव्हताच. ती अजून कळवते आहे, कदाचित कळवूनही झालं असेल, कुणाला तरी आनंदाने सांगते आहे, हो म्हणाले. त्या आनंदावर जाऊन फुली मारायची? न विचारावं तर जे काय आहे ते एक दिवस दारात येऊन उभं राहील आणि तेव्हा त्याचं तोंडच सगळं सांगून टाकेल. त्याने तिसरा रस्ता धरला. तिसरा रस्ता नेहमी मुलीकडून जातो. त्याने जिन्यात जाऊन पूर्णिमाला फोन लावला आणि काय गं, कशी आहेस, असं फार सहज विचारलं. तिकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. "पापा, मम्मी ने बताया. मैं तो रो दी, सच में. आपने हाँ कैसे बोल दिया?" "अगं, त्यात काय," चारुदत्त म्हणाला. "'त्यात काय' नहीं, पापा. मैं होती तो मैं भी सोचती. आपको अकेले रहना पड़ेगा, खाना, सब." मग ती एकदम मराठीत आली, ती फार मनातलं बोलायची तेव्हाच मराठीत यायची. "तुम्ही ग्रेट आहात, बाबा." आणि तिची मीटिंग सुरू होत होती म्हणून तिने फोन ठेवला. जिन्यात कुणीतरी पान खाऊन कोपरा रंगवला होता. चारुदत्त त्या कोपऱ्याकडे पाहत उभा राहिला. म्हणजे विनोदिनी जाते आहे. कुठे, कुणाकडे, किती दिवस, की दिवसांचा प्रश्नच नाही, काही माहीत नाही. तो ग्रेट आहे एवढं नक्की झालं होतं.

बैठक ठरल्यावेळी सुरू झाली. शर्मिष्ठा ही त्याची वरिष्ठ, वयाने त्याच्या निम्म्याहून थोडी मोठी. तिचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे ती मराठी बोले तेव्हा शाळेच्या पुस्तकातून बोलल्यासारखी बोले आणि एक वाक्य झालं की दमून हिंदीत बसे. अनिमेषने पडद्यावर 'कम बोलो' लावलं. तोंडावर बोट ठेवलेली बाई सगळ्यांना गप्प करत राहिली. "चारुदत्त सर, आपल्या कार्याबद्दल मला नितांत आदर आहे," शर्मिष्ठा म्हणाली. "लेकिन देखिए, अब घाट में टावर लग गया है. सिग्नल फुल आता है. अब इतना बचाने की ज़रूरत किसको है?" मग ती म्हणाली की सेठ लोकांना काय पाठवलं जातंय ते डोळ्यांनी वाचता यायला पाहिजे, सिमेंट म्हणजे सिमेंट लिहिलेलं दिसलं पाहिजे, आकडे नकोत. साध्या मजकुरावर परत जाऊ. लांब असेल तर असू दे. चारुदत्तला ते ऐकू येत होतं, आणि ऐकताना त्याला विनोदिनी दिसत होती, हातात पेटी घेऊन दारात, आणि ती कुठे जाते हे न विचारता तिला पेटी उचलून देणारा तो. तीन वर्षं खरवडून काढलेली अक्षरं कुणीतरी टोपल्याने परत आणून ओतत होतं, सुरू होत आहे, संपलं आहे, सुरू होत आहे, संपलं आहे, आणि त्याला त्याचा राग येत नव्हता, नुसता थकवा येत होता, दुपारी जेवल्यावर येतो तसा, अंगभर, मऊ. प्रत्येक गोष्टीची सुरुवात नाव घेऊन, शेवट नाव घेऊन. असं जर कुणी सकाळी बोललं असतं. मी जाते आहे हे आता सुरू होत आहे. "तो सर, हटा दें?" शर्मिष्ठाने विचारलं होतं. "हं," चारुदत्त म्हणाला. मग अनिमेष हळूच म्हणाला, "सर, पक्का?" आणि तेव्हा चारुदत्त भानावर आला, आणि त्याला कळलं की आपण पुन्हा पोच दिली. सगळे त्याच्याकडे बघत होते, तो आता भांडेल या अपेक्षेने. तो भांडायलाच आला होता, त्याच्याकडे अख्खं वाक्य होतं. "पक्का," तो म्हणाला. शर्मिष्ठाच्या चेहऱ्यावर सुटकेचं असं काही पसरलं की तिने शाळेच्या पुस्तकातलं आणखी एक वाक्य बोलून दाखवलं.

तो लवकर निघाला. स्टेशनाच्या अलीकडे गुढियारीच्या अंडरब्रिजपाशी रोजच्यासारखं सगळं तुंबलं होतं, हातगाड्या, ऑटो, पोत्यांनी भरलेले 'छोटा हाथी' टेम्पो, आणि वरून मालगाडी चालली होती, संपता संपत नव्हती. त्याचे वडील अनंतराव याच रुळांसाठी नागपूरकडून इथे आले. रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होते. दिवसभर फोनवर गाड्यांचे नंबर सांगून सांगून ते घरी येत तेव्हा बोलण्याचा साठा संपलेला असे. आई जेवायला वाढताना दिवसाचं सगळं सांगायची, शाळेची फी, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, नळाची भांडणं, आणि अनंतराव ताटावरून नजर न उचलता 'हं' म्हणत. त्यांचा हं फार भरीव होता. लहानपणी चारुदत्तला वाटायचं की सगळं आत जातंय आणि कुठेतरी नीट रचून ठेवलं जातंय. आई गेल्यावर तेराव्याला कुणीतरी विचारलं, वहिनींना गोड काय आवडायचं, ते ब्राह्मणाला देऊ, तर अनंतराव कितीतरी वेळ त्या माणसाकडे बघत राहिले. शेवटी चारुदत्तनेच सांगितलं, अनरसे. ते त्यालाही आत्यानेच सकाळी सांगितलं होतं. मालगाडी संपली. मागच्याने हॉर्न वाजवला. "चलो ना भैया, सो गए क्या?" चारुदत्तने मान हलवली आणि गाडी पुढे घेतली.

घरी दार उघडंच होतं. पलंगावर निळी पेटी, तिच्या झाकणावर साड्या दोन ढिगांत, एक न्यायच्या आणि एक नाही न्यायच्या असाव्यात. विनोदिनी स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत पाटवड्या कापत होती. ती गुणगुणते हे तो विसरला होता. "लवकर आले?" तिने विचारलं. तो 'हं' म्हणायच्या बेतात होता, ते ओठांपर्यंत आलं होतं, ते त्याने गिळलं. मग चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "विनू," तो म्हणाला, "सकाळी तू जे बोलली ना, ते मी ऐकलं नाही." तिची सुरी थांबली. "कोनतं नाही ऐकलं?" "सगळंच." "आनि तीन वेळा हं म्हटलं ते?" "ते गेलं तोंडातून. माझं ध्यान तिकडे घाटात होतं." पाटवड्यांवर तिने खोबरं पसरलं, गरजेपेक्षा जास्त पसरलं, मग ओट्याला टेकून पदराने हात पुसले. गुणगुणणं थांबल्याने घर एकदम मोठं झालं. "मी त्याईले फोन करून हो म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "पूर्णिमाले सांगितलं. मले काय वाटलं माहीत आहे का? मले वाटलं, मानूस बदलला." "विनू, हो तर हो आहेच," चारुदत्त घाईने म्हणाला. "तो मी परत नाही घेत. कुठंही जा. पण मी कशाले हो म्हटलं ते मले कळू तर दे." "असा हो नको मले," विनोदिनी म्हणाली. "न पाहता सही केल्यासारखा. तो ठेवा तुमच्यापाशी." "मंग पुन्हा सांग," तो म्हणाला. हे शब्द उच्चारायला त्याला वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. "पहिल्यापासून. सगळ्यांची नावं घेऊन. 'तिकडे', 'ते' असं काही नको. मला तुझं 'तिकडे' आता समजत असेल असं वाटत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली, खोटं नाणं उलटसुलट करून बघावं तशी. मग तिने गॅस बंद केला, बाहेर येऊन खुर्चीवर बसली, समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. तो बसला. ती सुरू झाली. धमतरीला शारदाताई म्हणून एक बाई आहेत, मागे संक्रांतीला हळदीकुंकवाला आल्या होत्या, जाड चष्म्याच्या, त्याला आठवणार नाही पण राहू दे. त्यांचं मुलींचं वसतिगृह आहे, आदिवासी भागातल्या पोट्ट्या शिकायला येऊन राहतात. तिथे देखरेखीला बाई पाहिजे, राहायला खोली, पुढच्या सोमवारपासून. रविवारी घरी यायचं, आलंच पाहिजे असं नाही. ती एकदा बघून आली होती, पद्मजाकडे जाते असं सांगून, त्याने तेव्हाही हं म्हटलं होतं. "मी गेली ना, तर पस्तीस-चाळीस पोट्ट्या एकदम बोलत होत्या. कोनी म्हणे दीदी, हिनं माझी कंगी घेतली, कोनी म्हणे माझं पोट दुखते, एक तर काहीच कारन नसताना मले तिच्या गावच्या बकरीचं सांगत होती. कान किटून गेले माझे. आनि मी बसमध्ये बसून रडली. काहून रडली मलेच समजलं नाही." ती थांबली. चारुदत्त तिच्याकडे बघत होता. त्याच्या छातीत 'नाही' हा शब्द उभा राहिला होता, स्पष्ट, अख्खा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. नको जाऊ. मी बोलीन. हे म्हणणं किती स्वस्त आहे आणि किती उशिरा, हेही त्याला दिसत होतं. पण तिचं अजून संपलं नव्हतं आणि संपायच्या आधी एक अक्षरही बाहेर पाठवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याने ओठ घट्ट मिटले. ती पुढे सांगू लागली, बकरीवाल्या पोरीचं नाव, खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून आवळ्याचं झाड दिसतं ते, पगार फार नाही ते, आपण इथे भाजी चिरताना स्वतःशी मोठ्याने बोलायला लागलो आहोत आणि एकदा दूधवाल्याने ते ऐकलं ते, आणि मग जरा अडखळून, तुमच्याबद्दल मनात तसं काही वाईट नाही ते. चारुदत्त ऐकत होता. मधे बाहेर मालगाडी गेली, तेव्हा ती थांबली, तोही थांबला. गाडी गेल्यावर तिने पुन्हा सुरू केलं, दोन वाक्यं बोलली, मग तिचा आवाज मंदावला, ती खुर्चीत जराशी चुळबुळली, त्याच्या मिटलेल्या ओठांकडे तिने पाहिलं, मग डोळ्यांकडे, मग पुन्हा ओठांकडे.

"अहो," विनोदिनी म्हणाली, "मधून मधून हं तर म्हणत जा. भिंतीशी बोलून राहिली असं वाटून राहिलं मले."